रेकॉर्डवरची बाई वारलेली नाही

दवाखान्याच्या तळघरात धुलाईखातं होतं, आणि तिथे चादरींना इस्त्री करणाऱ्या बाईला सगळे तार म्हणायचे. अंगाने काटकुळी, वागायला ताठ, आणि कुणी छेडली की लगेच वाजणारी. हे नाव कुणी ठेवलं ते कुणालाच आठवत नव्हतं, पण तिला ते आवडायचं.

वर वॉर्डांमध्ये रोज सकाळी स्पीकरवर एक जुनं प्रार्थनागीत लागायचं, ‘उजेडा, दार उघडं आहे’. एकट्या बाईचा आवाज, मागे पायपेटी, आणि शेवटच्या कडव्यात बाहेर रस्त्यावर वाजलेला एका ट्रकचा लांबलचक हॉर्न. रोगी ते ऐकायला उठून बसत. ज्यांचं ऑपरेशन असे ते आदल्या दिवशीच विचारून ठेवत, की उद्या गाण्याच्या आधी नेणार की नंतर. एकदा नवी आलेली नर्स चादरींचा गठ्ठा न्यायला खाली उतरली आणि म्हणाली, “काय आवाज होता हो त्या बाईचा! आता वारली असेल ना?”

“वारली नाही,” तार म्हणाली. “तुझ्या चादरींना इस्त्री करतेय.”

नर्स हसली. तिला ती थट्टाच वाटली. तारेनेही खुलासा केला नाही. गठ्ठा तिच्या हातांवर ठेवला आणि पुढची चादर ओढली.

ती रेकॉर्ड निघाली तेव्हा तार तेवीस वर्षांची होती. वडील पुस्तकं बांधायचे, आई शिवणकाम करायची, आणि ती स्वतः बारा वर्षांची असल्यापासून प्रार्थनाघरातल्या गायकवृंदात गायची. गायकवृंद मास्तरांचा. मास्तर शाळेत गणित शिकवायचे आणि उरलेला सगळा वेळ पायपेटीवर घालवायचे. त्यांनी कुणाकुणाला धरून आणलं होतं! बेकरीवाला होता, त्याचा खर्ज इतका खोल की बाक थरथरायचा. दोन जुळ्या बहिणी होत्या, त्यातली एक नेहमी अर्धी मात्रा आधी उठायची आणि दुसरी तिला सांभाळून घ्यायची. अशा सहा गाण्यांची ती रेकॉर्ड. गावात घरोघरी गेली आणि प्रत्येक घराचं आवडतं गाणं ठरून गेलं. कुणी बेकरीवाल्याच्या गाण्याला दिवे घालवून बसायचं, कुणी जुळ्या बहिणींची चूक पकडायला कान टवकारायचं. पण दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं सगळ्यांचं होतं. ते तारेचं.

रेकॉर्डिंग प्रार्थनाघरातच झालं. खिडक्यांना ब्लँकेटं लावली, दरवाज्याच्या फटीत जुने कपडे कोंबले. रेकॉर्डिंगवाला परगावचा होता, उजव्या कानाने बहिरा, पण डाव्या कानाने त्याला भिंतीतली पाल पण ऐकू यायची म्हणे. तारेचं गाणं तेरा वेळा घेतलं आणि तेरा वेळा काही ना काही बिनसलं. चौदाव्या वेळी शेवटच्या ‘उजेडा’वर ती पोचली आणि बोळात अडकलेल्या ट्रकने हॉर्न लावला. ट्रकवाला हात उचलायलाच तयार नाही. मास्तरांनी पायपेटी थांबवली. तारेने मात्र डोळे मिटले आणि सूर तसाच धरून ठेवला. हॉर्न दमला, ती दमली नाही. हॉर्न बंद पडल्यावर तिचा सूर एकटाच त्या मोठ्या खोलीत उभा राहिला आणि मग तिने तो हळूच खाली ठेवला.

“पुन्हा घेऊ या,” मास्तर म्हणाले.

“अजिबात नाही,” रेकॉर्डिंगवाला म्हणाला. “असलं मागून मिळत नसतं, मास्तर.”

रेकॉर्ड निघाली त्याच वर्षी तिचं लग्न झालं. नवरा फर्निचरच्या दुकानात विक्रेता होता. दिसायला नीटस, बोलायला मऊ. पाहुणे आले की तो रेकॉर्ड लावायचा आणि म्हणायचा, “ही आमची!” पाहुणे गेले की तिच्या तालमीला जाण्यावरून भांडण काढायचा. कुठे होतीस, कोण सोडायला आलं, इतका वेळ काय गाता. ती पहिल्यांदा गप्प राहिली, मग उत्तर द्यायला लागली, आणि उत्तरं दिली म्हणून मार खायला लागली. चौथ्या वर्षी एका दुपारी त्याने तिला दाराच्या चौकटीवर ढकललं आणि तिचा पुढचा दात अर्धा तुटला. ती उठली. तोंड धुतलं. दोन पिशव्या भरल्या, रेकॉर्ड कपड्यांच्या घडीत घातली आणि आईकडे आली. पुन्हा त्या घराची पायरी चढली नाही.

दोन आठवड्यांनी प्रार्थनाघराचे चिटणीस आईच्या घरी आले. खुर्चीच्या अगदी कडेवर बसले.

“ताई, गैरसमज नको,” ते आईला म्हणाले, तारेकडे न बघता. “पण गायकवृंद सगळ्यांच्या समोर उभा राहतो. घर मोडून आलेली बाई पुढे उभी राहिली तर तरुण मुलींनी काय शिकायचं?”

“घर मी मोडलेलं नाही,” तार म्हणाली. तिच्या तुटक्या दातातून ‘स’ची शिट्टी वाजायची, म्हणून ती हल्ली शब्द निवडून बोलायची. त्या दिवशी तिने निवडले नाहीत. “सांगा की सगळ्यांना, माझा दात कसा तुटला ते. तरुण मुलींना तेही शिकू दे.”

“बघा, ही भाषा!” चिटणीस उठले.

ते गेल्यावर आई म्हणाली, “अगं, जरा नमतं घेतलं असतंस तर काय बिघडलं असतं?”

“आई, चार वर्षं नमतंच घेतलं. वाकून वाकून जमिनीला टेकले. आता आणखी खाली जागा नाही.”

मास्तर भेटायला आले नाहीत. ते सगळ्यांत जास्त लागलं तिला. चिटणिसांकडून तिने दुसरी अपेक्षा केलीच नव्हती, पण मास्तर मूग गिळून बसतील असं वाटलं नव्हतं.

मग तिला धुलाईखात्यात काम लागलं. सकाळी गाठोडी उतरायची. रक्ताची वेगळी, औषधाची वेगळी, लहान मुलांची वेगळी. मोठ्या पिंपांतून निघालेल्या चादरी दोघींनी चार टोकांनी धरून झटकायच्या, ताणायच्या, आणि वाफेच्या इस्त्रीखालून घालायच्या. उन्हाळ्यात तिथे उभं राहणं म्हणजे पातेल्यात उभं राहणं. तिने पहिल्या महिन्यातच त्या कामाची लय पकडली आणि तिच्याबरोबरच्या बायका चादरी झटकताना आपोआप तिच्या ठेक्यावर यायला लागल्या.

दर रविवारी ती प्रार्थनाघरात जायची. अगदी पहिल्या बाकावर, गायकवृंदाच्या समोर बसायची. तिथे गायला कुणाला बंदी नसते, सगळा समुदायच गातो. तीही गायची. फरक एवढाच, की सगळा समुदाय एकीकडे आणि तिचा आवाज दुसरीकडे असं व्हायचं. चिटणिसांनी जाहीर सूचना लावली, ‘बसलेल्यांनी कृपया हळू आवाजात गावे.’ त्या रविवारी तार उभी राहून गायली.

“सूचना वाचली नाहीत का?” बाहेर चिटणिसांनी विचारलं.

“वाचली की. बसलेल्यांसाठी होती.”

वर्षं गेली. बेकरीवाला गाव सोडून मुलाकडे गेला, जुळ्या बहिणींपैकी एक आजारी पडली, तरुण पोरं येईनाशी झाली. गायकवृंदात सहा माणसं उरली आणि त्यातली दोन बेसूर. तेव्हा प्रार्थनाघराच्या समितीने एक युक्ती काढली. प्रार्थना सुरू व्हायच्या आधी कोपऱ्यातल्या रेकॉर्ड प्लेअरवर जुनी रेकॉर्ड लावायची, म्हणजे वातावरणनिर्मिती होते. कुठलं गाणं लावायचं यावर चर्चाच झाली नाही. सगळ्यांना एकच हवं होतं.

असं झालं, की ज्या बाईला पुढे उभं राहायला मनाई होती तिचाच आवाज दर रविवारी सगळ्यांच्या पुढे चालू लागला. लोक डोळे मिटून ऐकत. चिटणीससुद्धा. तार पहिल्या बाकावर बसून त्यांच्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघत असे. राग यायचा. कधीकधी हसूही यायचं. अकरा वर्षं हे चाललं.

अकराव्या वर्षी एक दिवस दुपारी धुलाईखात्याच्या जिन्यावरून एक मुलगी घाबरत खाली उतरली. पंचविशीची, शाळेत संगीत शिकवणारी. तारेने तिला लगेच ओळखलं. चिटणिसांची मुलगी.

“मावशी, जरा बोलायचं होतं.”

“बोल. पण हे टोक धर आधी. माझी जोडीदार जेवायला गेलीय.”

मुलीने चादरीचं टोक धरलं आणि चादर ताणता ताणता सांगितलं. जुनी रेकॉर्ड घासून घासून खरखरायला लागली होती. समितीने नवं रेकॉर्डिंग करायचं ठरवलं होतं, आणि ‘उजेडा’ तिच्या वाट्याला आलं होतं. पण शेवटच्या कडव्यातलं वळण काही केल्या गळ्यात बसत नव्हतं. “मी शंभर वेळा रेकॉर्ड ऐकली. तुम्ही तिथे श्वास कुठे घेता तेच कळत नाही.”

“तुझ्या बाबांना माहीत आहे, तू इथे आलीस ते?”

“नाही.”

तारेच्या मनात आलं, हिला जिन्यावरूनच परत पाठवावं. माझं गाणं माझ्याच गळ्यातून काढून घेणार, आणि वर मीच ते कापून द्यायचं? तिने चादर जरा जास्तच जोरात झटकली. मुलगी तोल जाऊन दोन पावलं पुढे आली, पण टोक सोडलं नाही. ते तारेने पाहिलं.

“तिथे श्वास घ्यायचाच नाही,” ती शेवटी म्हणाली. “आधीच्या ओळीत साठवायचा. तू चादर ओढतेस तसा श्वास ओढतेस, हिसका देऊन. वाफेसारखा भरू दे. उद्या ये.”

मुलगी तीन आठवडे रोज आली. जेवणाच्या सुट्टीत, वाफेच्या त्या ढगात, दोघी गायच्या. बाकीच्या बायका डबे उघडून ऐकायच्या आणि मुलगी चुकली की जिभा चावायच्या. तिसऱ्या आठवड्यात ते वळण तिला आलं. आलं तशी ती रडायलाच लागली.

“मी नाही गाणार मावशी. हे तुमचं आहे. मी बाबांना सांगते, तुम्हालाच घ्या म्हणून.”

“मला कुणाची सोडलेली जागा नको,” तार म्हणाली. “तू तुझ्या जागेवर गा. मी खालचा सूर गाते, तुझ्या शेजारी उभी राहून. आणि ते सांगायला तू जाऊ नकोस. माझे पाय शाबूत आहेत.”

समितीची बैठक प्रार्थनाघराच्या मागच्या खोलीत भरायची. लांब टेबल, पाच पुरुष, चहाचे कप. तार कामावरून तशीच गेली, अंगावर धुलाईखात्याचा निळा डगला.

“काय विनंती आहे?” चिटणिसांनी विचारलं.

“विनंती नाही. प्रश्न आहे. अकरा वर्षं माझा आवाज तुम्हाला चालतो, मी चालत नाही. हे कसं काय?”

चिटणिसांनी चहाचा कप खाली ठेवला.

“आवाज पवित्र आणि बाई मळकी, असं कसं होईल? मी रोज चारशे चादरी धुवून काढते. एका बाजूने स्वच्छ आणि दुसऱ्या बाजूने घाण अशी चादर मी अजून पाहिलेली नाही.”

“हे बघा, नियम आहे,” चिटणीस म्हणाले.

“दाखवा लिहिलेला.”

चिटणिसांनी टेबलावरचे कागद उगाच इकडचे तिकडे केले. लिहिलेला नियम नव्हताच. मग त्यांनी मत घेतलं. चार हात विरोधात वर गेले. पाचवे मास्तर. त्यांचा हात ना इकडे ना तिकडे, टेबलावरच पडून राहिला. केस पांढरे झालेले, बोटं थोडी वाकडी.

“मास्तर,” तार दारातून म्हणाली, “त्या दिवशी हॉर्न वाजल्यावर तुम्ही थांबलात. आजही थांबलात.”

त्या रविवारी प्रार्थनाघर भरलेलं होतं. नेहमीप्रमाणे रेकॉर्ड लागली. खरखर, पायपेटी, आणि तेवीस वर्षांच्या मुलीचा आवाज. लोकांनी डोळे मिटले. पहिलं कडवं संपायच्या आत तार उठली, कोपऱ्यात गेली आणि तिने रेकॉर्डवरची सुई उचलली.

डोळे उघडले. दीडशे डोक्यांच्या खोलीत रेकॉर्ड नुसती फिरत असल्याचा आवाज ऐकू येत होता.

तिने तुटलेल्या ओळीपासून पुढे गायला सुरुवात केली. आवाज आता तो नव्हता. जाड झाला होता, वाफेने आणि वयाने खरबरीत झाला होता. दुसऱ्या कडव्यात ‘सोसलं ते सारं सांगते तुला’ ही ओळ येते. त्या ओळीत ‘स’च ‘स’, आणि प्रत्येक ‘स’ला तिच्या तुटक्या दातातून शिट्टी. मागे एक पोरगं खुदकन हसलं. तिने ती ओळ संपवली आणि पुन्हा पहिल्यापासून घेतली, सावकाश, एकेका ‘स’वर थांबत. आता कुणी हसलं नाही.

“बसा खाली!” चिटणीस उभे राहिले. “हे प्रार्थनाघर आहे!”

ती गात राहिली. काही माणसं उठून बाहेर गेली, मुद्दाम बुटांचा आवाज करत. गायकवृंदातून चिटणिसांच्या मुलीने वरचा सूर लावला. बापाने तिच्याकडे पाहिलं, तिने बापाकडे पाहिलं नाही. आणि चौथ्या बाकावरून तारेची आई उठली. सत्तरीची, गुडघ्यांनी जेरीस आणलेली म्हातारी. ती काही गायली नाही, तिला गाता येतच नसे. ती नुसती उभी राहिली, आणि गाणं संपेपर्यंत बसली नाही.

बुधवारी पत्र आलं. तारेला प्रार्थनाघरात येण्यास मनाई. खाली चार सह्या होत्या, पाचवीची जागा मोकळी होती.

“आता?” आईने विचारलं.

“आता काय, रेकॉर्डिंग.”

तिने रेकॉर्डिंगवाल्याचा पत्ता शोधून काढला. तो आता म्हातारा झाला होता आणि समितीच्या नव्या रेकॉर्डिंगचं बोलावणं त्याच्याकडेच आलेलं होतं. तारेने त्याला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. तो डावा कान पुढे करून ऐकत होता.

“माझ्या माइकला कुणाचं लग्न टिकलं आणि कुणाचं मोडलं ते ऐकू येत नाही बाई,” तो म्हणाला. “खोली बघा. आवाज घुमणार नाही अशी.”

अशी खोली तिच्या पायाखालीच होती. सुट्टीच्या दिवशी धुलाईखातं बंद असायचं. दवाखान्याच्या मेट्रनने परवानगी दिली. तिलाही ते गाणं आवडायचं आणि खरखर आवडायची नाही. तारेने आणि तिच्या बरोबरच्या बायकांनी दोऱ्या बांधून चारी बाजूंना दुहेरी चादरी टांगल्या, वर ब्लँकेटं. मधे एका पांढऱ्या खोलीसारखी जागा तयार झाली. चिटणिसांची मुलगी आली, येताना घरी सांगून आली. तिच्या डोळ्यांवरून कळत होतं की ते सांगणं सोपं गेलेलं नव्हतं. आणखी दोन बायका आल्या, ज्यांना बोलवायचं तारेच्याही डोक्यात आलं नव्हतं. एक शिंपीण, नवरा गेल्यावर दुसरं लग्न केलं म्हणून तिला वृंदातून काढलेलं. दुसरी पोस्टातली, समितीला भर सभेत खोटं पाडलं म्हणून तिला काढलेलं. दोघींनीही आपापल्या घरी बसून इतकी वर्षं तीच रेकॉर्ड ऐकली होती.

“साथीला काही आणलंय का?” रेकॉर्डिंगवाल्याने विचारलं.

“काही नाही. नुसतंच गाऊ.”

इतक्यात जिन्यावर धडधड झाली. दोन हमाल पायपेटी उचलून खाली आणत होते आणि त्यांच्या मागे, कठडा धरून, मास्तर. हातमोजे घातलेले, पाठ वाकलेली. ते तारेसमोर आले आणि उभे राहिले. काहीतरी पाठ करून आले असावेत, पण ऐनवेळी आठवेना.

“पंधरा वर्षं झाली,” एवढंच म्हणाले.

“हो,” ती म्हणाली. “माफ नाही केलेलं मी अजून. पण बसा. सूर कुठला देताय?”

मास्तर बसले. सूर पहिल्यापेक्षा दोन पट्ट्या खाली दिला, न विचारता. तिचा आवाज आता कुठे राहतो ते त्यांनी त्या रविवारी ऐकलं होतं.

पहिल्यांदा घेतलं तेव्हा रेकॉर्डिंगवाल्याने हात वर केला. “बाई, त्या ‘सोसलं’वर शिट्टी येतेय. माइकपासून जरा बाजूला तोंड करून म्हणालात तर झाकता येईल.”

“झाकायची नाही.”

“ऐकणाऱ्याला वाटेल, रेकॉर्ड खराब आहे.”

“वाटू दे. ज्याला विचारावंसं वाटेल तो विचारेल, आणि मी सांगेन.”

तिसऱ्या वेळी जमलं. वरचा सूर मुलीचा, खालचा तारेचा, मागे शिंपीण आणि पोस्टवाली. शेवटचा ‘उजेडा’ त्या पांढऱ्या खोलीत घुमला नाही, जिथल्या तिथे राहिला, हाताने धरता येईल असा. चादरींबाहेर बसलेल्या धुलाईखात्याच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा रेकॉर्डिंगवाला ओरडला, “अहो, मशीन चालू आहे!” त्या टाळ्या आणि ते ओरडणं दोन्ही रेकॉर्डवर आहे.

समितीने आपलं वेगळं रेकॉर्डिंग केलं, दुसऱ्या गावाहून गायिका आणून. स्वच्छ होतं, सुरात होतं. प्रार्थनाघरात तेच लागायचं आणि लोक ते ऐकताना डोळे उघडे ठेवायचे. दवाखान्यात मात्र नवी ‘उजेडा’ लागू लागली. त्या शिट्टीबद्दल पहिल्यांदा विचारलं ते त्याच नर्सने. तारेने दात दाखवला आणि कुणी तोडला ते सांगितलं. नर्सने ते वॉर्डात सांगितलं. महिन्याभरात फर्निचरच्या दुकानातला तो मऊ बोलणारा विक्रेता रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने चालायला लागला.

पुढे चिटणीस थकले, पद सोडलं. आपल्या मुलीशी ते दोन वर्षं बोलले नव्हते, मग नातू झाल्यावर बोलायला लागले; तारेशी कधीच नाही. त्यांच्या जागी आलेला नवा चिटणीस चाळिशीचा होता, बँकेत कामाला. तो एक दिवस धुलाईखात्याचा जिना उतरून आला, घामाने डबडबला आणि टोपी काढून उभा राहिला.

“मावशी, मनाईचं पत्र आम्ही रद्द केलंय. तुम्ही गायकवृंदात परत यावं अशी सगळ्यांची इच्छा आहे.”

तार इस्त्री थांबवायला तयार नव्हती. चादर पुरी बाहेर आली, घडी झाली, मग ती बोलली.

“मी एकटी नाही येणार. शिंपीण येईल, पोस्टातली येईल. गेल्या वर्षी तुम्ही बालवाडीच्या एका बाईला काढलंत, ती येईल. आणि ज्या कुणाला आजपर्यंत काढलंय आणि जी अजून जिवंत आहे, तिच्या घरी तुम्ही स्वतः जायचं, असंच टोपी काढून.”

“सगळ्यांकडे?”

“सगळ्यांकडे.”

नव्या चिटणिसाने मनातल्या मनात मोजदाद केली असावी. “पण मावशी, पुढे उभं राहायला एवढी जागा नाही हो. तीन रांगा झाल्या तरी मावणार नाहीत.”

“मग पुढची समितीच्या खुर्च्यांची रांग काढा,” तार म्हणाली, आणि पुढची चादर घेतली.

त्याने खुर्च्या काढल्या आणि टोपी काढून घरोघरी गेला. सात बायका आल्या.